चुकीचं पुढे काय होतं? पडद्यावरचे मास्तर आणि आपला गाईड

पीएचडीला नाव नोंदवायच्या आधी प्रत्येक जण सिनियरला एक प्रश्न विचारतोच. "सर कसे आहेत?" किंवा "मॅडम कशा आहेत?" उत्तरंही ठरलेली असतात. "चांगले आहेत रे." "जरा स्ट्रिक्ट आहेत." "एकदम कूल, काही बोलत नाहीत." "खडूस आहेत, पण काम होतं."

या उत्तरांतून तुमच्या हाती काय लागतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. स्ट्रिक्ट गाईडकडे उत्तम काम करून वेळेत बाहेर पडलेले विद्यार्थी असतात आणि कूल गाईडकडे सहा-सहा वर्षं भरकटलेलेही असतात. पण पुढची चार-पाच वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काढायची, त्याची निवड आपण बहुतेक वेळा याच शब्दांवर करतो.

हे शब्द आले कुठून? काही आपल्या शाळेतून आले, पण बरेचसे सिनेमातून. चांगला शिक्षक कसा दिसतो, कसा बोलतो, याचं चित्र आपल्या डोक्यात सिनेमाने पक्कं केलंय. म्हणून आज सिनेमातल्या शिक्षकांचा थोडा इतिहास बघू. समीक्षा करायची नाहीये. त्यातून एक कसोटी शोधायची आहे, जी गाईड निवडताना खरोखर वापरता येईल.

कसोटी आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्ही ती तपासत राहाल. विद्यार्थी चुकला की पुढे काय होतं, ते बघा. वाईट शिक्षकासाठी चूक म्हणजे निकाल. चांगल्या शिक्षकासाठी चूक म्हणजे माहिती. बाकी आवाज चढा आहे की मऊ, शिक्षक हसतो की नाही, भाषण चांगलं करतो की नाही, हे सगळं नंतरचं.

छडी आणि माया

सुरुवातीच्या सिनेमात ही विभागणी अगदी सोपी होती. १९३३ साली ज्याँ व्हिगो या फ्रेंच दिग्दर्शकाने 'झेरो द काँद्युइत' नावाचा छोटा चित्रपट केला. नावाचा अर्थ 'वर्तनात शून्य'. हा शून्य मिळालेल्या मुलाची रविवारची सुट्टी जाते. शाळेतले बहुतेक मोठे लोक म्हणजे नियमांचे पहारेकरी. अपवाद एका तरुण मास्तरांचा. ते मैदानात चार्ली चॅप्लिनची नक्कल करतात आणि वर्गात हातांवर उभे राहतात. शेवटी मुलं बंड करतात. फ्रान्समध्ये या चित्रपटावर बंदी आली आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत ती टिकली.

१९३९चा 'गुडबाय, मिस्टर चिप्स' त्याच विभागणीला दुसऱ्या टोकाने भिडतो. इथे एकच शिक्षक आधी रुक्ष असतो आणि मग प्रेमळ होतो. सुरुवातीला चिप्स शिक्षा म्हणून मुलांना वर्गात डांबून ठेवतो, शाळा क्रिकेटचा सामना हरते आणि मुलं त्याचा तिरस्कार करू लागतात. पुढे लग्नानंतर तो मोकळा होतो, विनोद करू लागतो आणि शाळेचा लाडका होतो. पण तो लॅटिन शिकवतो कसा, एखाद्या मुलाला व्याकरण कळलं नाही तर काय करतो, याबद्दल चित्रपट जवळजवळ गप्पच आहे.

आपल्याकडे १९५४चा 'जागृती' याच वाटेवरचा. सत्येन बोस यांनी आपल्याच 'परिवर्तन' या बंगाली चित्रपटावरून तो हिंदीत केला. अभी भट्टाचार्य यांनी रंगवलेले शेखर मास्तर मुलांना चार भिंतींतून बाहेर काढतात, रेल्वेने देश दाखवतात. स्वातंत्र्य मिळून सातच वर्षं झाली होती. चांगला शिक्षक म्हणजे देश घडवणारा माणूस ही त्या काळाची गरज होती आणि सिनेमाने ती पुरवली.

या तिन्ही चित्रपटांत शिकवणं फारसं दिसत नाही, आणि त्याला साधं तांत्रिक कारण आहे. शिकणं फार हळू होतं. दोन तासांच्या चित्रपटात दोन वर्षांचा सराव दाखवता येत नाही. म्हणून दिग्दर्शक खुणा वापरतो. छडी दिसली की वाईट, गाणं दिसलं की चांगला. पडद्यावर या खुणा चालतात. आपला घोळ होतो तो त्या प्रत्यक्ष आयुष्यातही शोधायला लागल्यावर.

भाषण देणारा शिक्षक

१९८९च्या 'डेड पोएट्स सोसायटी'ने या खुणांमध्ये एक भर घातली, ती म्हणजे बंडखोर आणि जबरदस्त बोलणारा शिक्षक. रॉबिन विल्यम्सचे मिस्टर कीटिंग कवितेच्या पुस्तकाची प्रस्तावना मुलांना फाडायला लावतात. प्रसंग थरारक आहे, टाळ्या येतातच. पण संशोधनाच्या वाटेवर निघालेल्यांनी इथे थोडं थांबावं. न पटलेला पेपर आपण फाडत नाही. तो नीट वाचतो आणि कुठे चुकलाय ते दाखवतो. फाडण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड असतं.

याच चित्रपटात कमी चर्चा होणारा एक प्रसंग आहे. टॉड नावाचा बुजरा मुलगा कविता लिहून आणत नाही. कीटिंग त्याला शून्य देऊन खाली बसवत नाहीत. ते त्याला पुढे बोलावतात, भिंतीवरच्या एका फोटोकडे बघून सुचेल ते बोलायला लावतात, डोळे मिटायला लावतात आणि अडखळला की पुढचा प्रश्न विचारतात. कोऱ्या कागदातून त्यांना कळलेलं असतं की हा आळस नाही, ही भीती आहे. चित्रपटातलं खरं शिकवणं मला इथे दिसतं, प्रस्तावना फाडण्यात नाही.

चौदा जणांची सारखी चूक

आता ज्या चित्रपटासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येऊ. १९८८चा 'स्टँड अँड डिलिव्हर'. ही खरी गोष्ट आहे. हायमे एस्कलांते मूळचे बोलिव्हियाचे. १९७४पासून ते पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. मुलं बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतली. या मुलांना साधी बेरीज-वजाबाकी जमली तरी पुष्कळ, अशी व्यवस्थेची अपेक्षा. एस्कलांतेंनी त्यांना कॅल्क्युलस शिकवायचं ठरवलं.

१९८२ साली त्यांचे अठरा विद्यार्थी कॅल्क्युलसची ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षा पास झाले. शाळेतच कॉलेजच्या पातळीचं क्रेडिट मिळवून देणारी ही परीक्षा. पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चौदा उत्तरपत्रिकांचा संशय आला. कारण? बरोबर उत्तरं नव्हे, चुका. एका प्रश्नात अनेकांनी सारख्याच पद्धतीने चूक केली होती.

इथे एकाच माहितीचे दोन अर्थ समोर येतात. संस्था म्हणते, चुका सारख्या आहेत म्हणजे कॉपी झाली. चित्रपटातले एस्कलांते म्हणतात, चुका सारख्या आहेत कारण या सगळ्यांना मी एकट्यानेच शिकवलंय. दोन्ही गृहीतकं शक्य आहेत. मग दोघांत फरक कसा करायचा? चाचणी घेऊन. त्या चौदांपैकी बारा जणांनी उन्हाळ्यात, तयारीला फारसा वेळ नसताना, पुन्हा परीक्षा दिली. बाराही पास झाले.

पण चित्रपटाने या गोष्टीतला एक भाग गाळलाय आणि तो आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. पडद्यावर असं वाटतं की एक जिद्दी शिक्षक आला आणि साध्या गणितात अडकलेल्या मुलांना बघता बघता कॅल्क्युलसपर्यंत घेऊन गेला. प्रत्यक्षात एस्कलांते शाळेत रुजू झाल्यापासून १९८२पर्यंत आठ वर्षं गेली. कॅल्क्युलसचा पहिला वर्ग सुरू झाला तेव्हा शेवटपर्यंत टिकलेले विद्यार्थी जेमतेम पाच होते. त्या अपयशातून त्यांनी काय वाचलं? मुलं ढ आहेत, असं नाही. मुलांचा पायाच घातला गेलेला नाही, असं वाचलं. मग त्यांनी खालच्या इयत्तांमधलं बीजगणित आणि त्रिकोणमिती सुधारायला घेतलं, जवळच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग उभे केले. हेन्री ग्रॅडिलास नावाचे मुख्याध्यापक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९९१मध्ये एस्कलांते शाळा सोडून गेले आणि त्यानंतर कॅल्क्युलस पास होणाऱ्यांचा आकडा घसरत गेला.

म्हणजे ही चमत्काराची गोष्ट नाही. ही आठ वर्षं चुका वाचत, पुढच्या वर्षी पद्धत बदलत नेल्याची गोष्ट आहे. संशोधनाची गोष्टही अशीच असते ना?

निकुंभ सर वह्या उघडतात

आपल्याकडे हा विचार सगळ्यात स्पष्टपणे २००७च्या 'तारे जमीं पर'मध्ये आला. सगळ्यांनी पाहिलाय, आणि पाहून बहुतेकांना आठवतं ते रडू. मला आठवतात वह्या.

ईशानच्या आधीच्या शिक्षकांनी त्याच्या वह्या तपासल्या होत्याच. लाल शेरे मारले होते, शिक्षा केल्या होत्या, घरी तक्रारी पाठवल्या होत्या. म्हणजे माहिती सगळ्यांसमोर होती. राम शंकर निकुंभ मुंबईत ईशानच्या घरी जातात आणि त्याच वह्या पुन्हा बघतात. पण त्यांचा प्रश्न वेगळा असतो. "किती चुका?" असं न विचारता ते "कोणत्या चुका?" असं विचारतात. मग त्यांना आकृतिबंध दिसतो. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल, आरशातल्यासारखी उलटी अक्षरं, एकच शब्द एकाच पानावर वेगवेगळ्या पद्धतीने चुकीचा. त्यातून ते डिस्लेक्सियापर्यंत पोहोचतात.

वडील म्हणतात, ही सगळी अभ्यास टाळायची नाटकं. निकुंभ वाद घालत नाहीत. परक्या लिपीतला मजकूर त्यांच्यासमोर धरतात आणि वाचा म्हणतात. वाचता येत नाही म्हटल्यावर त्यांच्यावरच प्रयत्न न केल्याचा आरोप करतात. एका मिनिटाचा प्रयोग, पण दहा भाषणांचं काम करून जातो.

मराठीत याच्या पाच वर्षं आधी, २००२ साली, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दहावी फ' आला होता. गुणांप्रमाणे पाडलेल्या तुकड्यांतली 'फ' म्हणजे शाळेने आधीच निकाल लावून मोकळी केलेली मुलं. अपमान सहन न होऊन ती शाळेत तोडफोड करतात. व्यवस्थेला शिक्षा करून विषय संपवायचा असतो. अतुल कुलकर्णींनी साकारलेले शिक्षक मुलांची चूक झाकत नाहीत, पण त्यांना हाकलूनही देत नाहीत. झालेलं नुकसान कष्ट करून भरून द्यायला लावतात. हे नीट लक्षात घ्या. चुकीला माहिती मानायचं म्हणजे ती माफ करून टाकायची असं नव्हे. चुकीची जबाबदारी विद्यार्थ्याकडेच राहते, फक्त तिच्यावर काम करायला त्याला जागा मिळते.

व्हायरसचं पेन

२००९च्या 'थ्री इडियट्स'मधले वीरू सहस्रबुद्धे, म्हणजे व्हायरस, हे हिंदी सिनेमातले सगळ्यात प्रसिद्ध वाईट शिक्षक असावेत. जॉय लोबोचं प्रोजेक्ट वेळेत होत नाही. तो मुदतवाढ मागतो. व्हायरस ते अर्धवट यंत्र बघतही नाहीत, थेट वडिलांना फोन लावून मुलगा यंदा पदवीधर होणार नाही असं कळवतात. अपुरं काम म्हणजे निकाल, विषय संपला. त्याचा शेवट तुम्हाला माहीत आहे. तेच यंत्र नंतर रँचो दुरुस्त करतो आणि ते उडतं. म्हणजे काम शेवटाला आलेलं होतं, फक्त बघायला कुणी तयार नव्हतं.

पण व्हायरसबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहते. पहिल्याच भाषणात ते अंतराळात चालणारं महागडं पेन दाखवतात आणि रँचो विचारतो, मग पेन्सिल का नाही वापरली? व्हायरसकडे उत्तर नसतं, नंतर सांगतो म्हणतात. चित्रपटाच्या शेवटी ते खरंच सांगतात. पेन्सिलचं टोक तुटलं तर ते तरंगत डोळ्यात, नाकात किंवा यंत्रात जाऊ शकतं. उत्तर बरोबर आहे, शिवाय ग्रॅफाइट वीजवाहक असल्याने यंत्रांना धोका आहेच. मला वाटतं, संपूर्ण चित्रपटात व्हायरस त्या एकाच क्षणी शिक्षक असतात, कारण विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांनी जपून ठेवला होता.

जाता जाता एक. या पेनसाठी शास्त्रज्ञांनी लाखो डॉलर खर्च केल्याची जी गोष्ट चित्रपटात आहे, ती दंतकथा आहे. पॉल फिशर या उद्योजकाने ते पेन स्वतःच्या पैशाने विकसित केलं आणि १९६८च्या अपोलो ७ मोहिमेत ते अंतराळात गेलं. स्टेजवरून सांगितलेली गोष्टही तपासून घ्यावी, हा धडा फुकट.

झांज नक्की कुठे पडली?

ही तपासायची सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती २०१४च्या 'व्हिप्लॅश'मध्ये. जॅझ शिकवणारे फ्लेचर विद्यार्थ्यांना शिव्या घालतात, थोबाडीत मारतात, खुर्ची फेकतात. त्यांच्या या वागण्यामागे एक सिद्धांत आहे: चार्ली पार्कर मोठा झाला, कारण जो जोन्सने त्याच्या डोक्याच्या दिशेने झांज फेकली होती.

ही घटना घडली होती, १९३७च्या सुमाराला, कॅन्सस सिटीत. पण झांज डोक्यावर नाही, पायापाशी जमिनीवर टाकली होती. "बास कर" एवढंच त्यातून सांगायचं होतं. अपमान झालाच. पण त्यानंतर पार्करने काय केलं? त्याच उन्हाळ्यात तो शहरापासून दूर ओझार्क डोंगरांतल्या एका रिसॉर्टवर वाजवायला गेला आणि लेस्टर यंगच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून सराव केला. म्हणजे फ्लेचरच्या सिद्धांताचा मुख्य संदर्भच वाकवलेला आहे.

पुढे अजून दोन गोष्टी आहेत. फ्लेचर एका माजी विद्यार्थ्याचा मृत्यू अपघातात झाला असं वर्गाला सांगतात. नंतर कळतं की ती आत्महत्या होती. म्हणजे सिद्धांताच्या विरोधात जाणारा डेटा त्यांनी लपवला. आणि अँड्र्यू जेव्हा विचारतो की अशा वागण्याने पुढचा चार्ली पार्कर खचून गेला तर, तेव्हा फ्लेचर म्हणतात की खरा पार्कर खचणारच नाही. आता विचार करा. टिकला तर माझी पद्धत बरोबर, खचला तर त्याच्यात दमच नव्हता. कोणताही निकाल आला तरी हा दावा खोटा ठरू शकत नाही. अशा दाव्याला आपण विज्ञानात काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे.

संशोधनाच्या जगात हे वाक्य वेगळ्या कपड्यांत भेटतं. "माझ्याकडून अमुक अमुक परदेशात गेले." बरोबर आहे. पण मध्येच सोडून गेलेले किती, आणि ते कुठे आहेत?

हार्डींची अडचण

शेवटचं उदाहरण संशोधनातलंच. २०१५चा 'द मॅन हू न्यू इन्फिनिटी', म्हणजे हार्डी आणि रामानुजन. जानेवारी १९१३मध्ये मद्रासहून हार्डींना पत्र गेलं, आणि एप्रिल १९१४मध्ये रामानुजन केंब्रिजला पोहोचले. त्यांच्या निष्कर्षांत अफाट सुंदर गोष्टी होत्या, तशा चुकाही होत्या. मूळ संख्यांच्या वाटपाबद्दलचे त्यांचे दावे तर बरोबर नव्हते. चित्रपटातला सगळा ताण सिद्धतेवरच आहे. हार्डी मागतात, रामानुजन वैतागतात.

खरी अडचण हार्डींनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. या माणसाला आधुनिक गणित शिकवायचं, तर त्याचा आत्मविश्वास मोडेल. न शिकवावं, तर तो चुकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवत राहील. त्यांनी मधली वाट काढली. चूक दाखवायची, पण ज्या अंतःप्रेरणेतून ती आली तिला धक्का लावायचा नाही. त्यातूनच १९१८चा विभाजनांवरचा दोघांचा पेपर आला. २०० या संख्येची विभाजनं ३,९७,२९९ कोटींच्या घरात आहेत. त्यांच्या सूत्राने हा आकडा अचूक मिळतो. आपण रामानुजनला शिकवलं त्यापेक्षा त्याच्याकडून जास्त शिकलो, असं हार्डींनी नोंदवलंय.

अर्थात हार्डी सर्वगुणसंपन्न नव्हते. युद्धकाळात शाकाहारी जेवणाचे हाल, एकटेपणा, आजारपण, यातलं बरंच त्यांच्या नजरेतून सुटलं. गणितातली चूक ज्याला लगेच दिसते, त्याला समोरचा माणूस दिसेलच असं नाही. रामानुजन २६ एप्रिल १९२० रोजी गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

मग गाईड निवडताना काय विचारायचं?

समजा तुमचा पीसीआर तीन आठवडे चालत नाहीये. एक गाईड म्हणतील, "तुझ्या हाताला यशच नाही." दुसरे म्हणतील, "होईल रे, टेन्शन नको घेऊ." तिसरे विचारतील, "निगेटिव्ह कंट्रोल काय दाखवतोय? जेलचा फोटो आण." पहिला गाईड कठोर, दुसरा प्रेमळ, पण तुमच्या कामासाठी दोघेही सारखेच निरुपयोगी. तिसऱ्याचा आवाज चढा असला तरी चालेल.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्रोफेसर पदावरच्या गाईडकडे एका वेळी आठपर्यंत पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. त्या आठांपैकी दोघा-तिघांना तरी लॅबबाहेर, चहाच्या टपरीवर गाठा. "सर कसे आहेत?" हे विचारू नका. हे विचारा:

- तुझा शेवटचा फसलेला प्रयोग कोणता, आणि सरांना सांगितल्यावर ते काय म्हणाले?
- ग्रुप मीटिंगमध्ये "मला हे कळलं नाही" असं कुणी म्हणतं का?
- मॅडमना उत्तर माहीत नसलं तर काय करतात? नंतर आठवणीने सांगतात का?
- मध्येच सोडून गेलेल्यांबद्दल इथे कसं बोललं जातं?

जमल्यास एका ग्रुप मीटिंगला मागे बसायची परवानगी मागा. कुणाचा तरी निकाल अपेक्षेविरुद्ध आलेला असतोच. तेव्हा गाईडची नजर आलेखाकडे जाते की विद्यार्थ्याकडे, एवढं बघा. आणि फॉर्म भरायची घाई करू नका, या चौकशीला दोन आठवडे लागले तरी लागू द्या.